दरबार हॉलची फरशी

माझे आजोबा बडोद्याच्या खानगी खात्यात कारकून होते. दांडिया बाजारातल्या आमच्या घरात 'राजवाडा' म्हटलं की तो लक्ष्मीविलासच. मी सात वर्षांची असताना त्यांनी मला तिथल्या दरबार हॉलमध्ये नेलं आणि दारातच चपला काढायला लावल्या. तळपायांना एकदम गारवा लागला. खाली वाकून पाहिलं, तर नखाएवढ्या रंगीत तुकड्यांची नक्षी, आणि त्यावर खिडक्यांच्या रंगीत काचांतून सांडलेलं ऊन. बोट फिरवलं तरी एका तुकड्याची कड लागेना. "इटलीतल्या मुरानोच्या कारागिरांचं काम आहे हे," आजोबा हळूच म्हणाले. देवघरात बोलावं तसा त्यांचा आवाज होता.

नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा गोपाळ 1875 साली बडोद्याच्या गायकवाड घराण्यात दत्तक जाऊन महाराज सयाजीराव झाला. 1878 मध्ये वाड्याचं काम सुरू झालं तेव्हा महाराज अज्ञान होते. राज्यकारभार त्यांच्या हाती आला 1881च्या अखेरीस. आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. महाराजांचा महाल, दरबार आणि राणीवसा असे तीन भाग त्यांनी एका लांबलचक इमारतीत गुंफले. राजपुती छत्र्या, मोगली घुमट आणि व्हेनिसच्या कमानी एकत्र नांदवल्या. सोनगडचा पिवळसर दगड आला, पुण्याकडचा काळा पाषाण आला. मँट 1881 मध्येच वारले. रॉबर्ट चिझम यांनी काम पुढे नेलं आणि 1890 मध्ये वाडा पुरा झाला. राजा रविवर्म्यांची पौराणिक चित्रं तिथे लागली.

आपलं गणित चुकलं, वाडा कोसळणार, या धास्तीने मँट खचले, अशी आख्यायिका आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. 26 जानेवारी 2001च्या सकाळी भूकंपाने घर हललं, तेव्हा मुलांना घेऊन रस्त्यावर उभी असताना मला तीच आठवली. दुपारी न राहवून त्या बाजूला गेले. झाडांच्या वर मनोरा दिसला आणि जीव भांड्यात पडला. मँट यांचं गणित बरोबर होतं.

पुढे त्याच दरबार हॉलमध्ये गाण्याची बैठक ऐकली. पूर्वी स्त्रिया जिथे बसून दरबार पाहायच्या, त्या वरच्या कोरीव सज्ज्यांपर्यंत तंबोऱ्याचा सूर जात होता. मी मात्र गाणं ऐकता ऐकता फरशीच पाहत होते. इतक्या पावलांखालून गेलेली, तरी जिवंत.

आजोबांचं बोट धरून पाहिलेला नजरबाग पॅलेस आज उरलेला नाही. तोही गायकवाडांचाच होता. ज्या वास्तूत कुणी राहत नाही, तिची डागडुजी पुढच्या वर्षावर जाते आणि ते पुढचं वर्ष कधी येत नाही. जिथे माणसं राहतात तिथे पहिल्या पावसात गळती कळते, सैल झालेला तुकडा पायाला लागतो. राजवाडा झाला तरी घराचा नियम त्याला चुकत नाही.

लक्ष्मीविलासचा काही भाग आज तिकीट काढून पाहता येतो. उरलेल्या भागात गायकवाड घराणं राहतं.