सपाटीची माणसे डोंगरधारेवर

आमच्या नायगावात उंच जागा म्हणजे पाण्याची टाकी. नांदेड सोडून देगलूरच्या रस्त्याला लागले, की दोन्ही बाजूंना काळी रानेच राने. सोयाबीन, कापूस, तूर, मधूनच एखादा माळ. किल्ला म्हणाल तर कंधारचा आहे. पण तो भुईकोट, खंदक ओलांडला की माणूस आत. माहूरगड उंच खरा, परंतु तिथे आम्ही जातो ते देवीच्या दर्शनाला, आणि पायऱ्या संपल्या की आमच्यापुरता डोंगरही संपतो. अशा मुलखात मी गेली अठरा वर्षे मराठी शिकवतो. 'माची', 'बालेकिल्ला', 'सोंड' हे शब्द फळ्यावर लिहितो, मुले ते वहीत उतरवून घेतात. 'माची म्हणजे नेमकं काय हो सर?' असे एकाने विचारले, तेव्हा मी खडूने आकृती काढली. ती माचीपेक्षा गायीच्या जिभेसारखी दिसत होती, असे वर्गाचे एकमत झाले.

ही आकृती प्रत्यक्ष दाखवायची, म्हणून डिसेंबर 2019 मध्ये आम्ही राजगडाहून तोरण्याला चालत जाण्याचे ठरवले. नऊ विद्यार्थी, इतिहासाच्या एक बाई आणि मी. मुलींच्या घरी परवानगी मागायला बाई आणि मी स्वतः गेलो. बी. ए. च्या दुसऱ्या वर्षातल्या एका मुलीच्या घरी तिला पाहायला मंडळी येणार होती. तो बेत एक आठवडा पुढे ढकलावा लागणार होता. वडिलांनी चहा दिला, बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "सर, डोंगर चढून काय भेटतंय?" मला काही सांगता येईना. शेवटी तिची आईच आतून म्हणाली, "जाऊ द्या की. लेकराला नीट आणा म्हणजे झालं."

वाचकांपैकी ज्यांना चालण्याची सवय आहे पण डोंगराची नाही, त्यांना मी हीच वाट सुचवीन. कारण सोपे आहे. राजगड आणि तोरणा हे दोन्ही किल्ले सह्याद्रीच्या एकाच सोंडेवर उभे आहेत. एकदा वर चढलात की दुसऱ्या गडासाठी तळापर्यंत उतरावे लागत नाही. धारेधारेने चालत राहायचे. लाव्हाच्या थरांवर थर साचून हा डोंगर झालेला. कठीण थराचा कडा होतो, मऊ थराची पायरी होते. त्यामुळे दमछाक करणारा चढ आला की थोड्या वेळाने सपाटीही येते.

पाठीवरच्या सॅकचे वजन मी स्वतः तराजूवर केले. सहा-सात किलोंच्या वर काही नको. पांघरूण, विजेरी, एक जोडी जादा मोजे, आणि पाणी प्रत्येकी तीन लिटर. कारण दोन गडांमधल्या धारेवर भरवशाचे पाणी नाही. खायला घरची धपाटी आणि शेंगदाण्याची चटणी. एका बहाद्दराने लोखंडी इस्त्री आणली होती. ती पुण्यात एका नातेवाइकाकडे ठेवली.

राजगडावर आम्ही पाली दरवाजाच्या वाटेने गेलो. गुंजवण्याकडून चोर दरवाजाची वाट जवळची, पण अंगावर येणारी. पालीची वाट रुंद, पायऱ्यांची. गडाचे पूर्वीचे नाव मुरुंबदेवाचा डोंगर. महाराजांची राजधानी रायगडापूर्वी इथे होती. 1659 मध्ये सईबाईंचे निधन इथे झाले, 1666 मध्ये आग्र्याहून सुटून महाराज इथेच परतले, 1670 मध्ये राजाराम महाराजांचा जन्म इथला. बाई हे सांगत होत्या. परंतु मुलांचे लक्ष होते पद्मावती तळ्याकडे. डोंगराच्या माथ्यावर भरलेले तळे! उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या मुलांना हे सिंहासनापेक्षा मोठे वाटले, आणि मला तरी त्यात काही गैर वाटले नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच संजीवनी माचीवरून निघालो. सुमारे अडीच किलोमीटर लांबीची ही माची म्हणजे माझ्या फळ्यावरची ती जीभ. दुहेरी तटाच्या मधून चालताना आकृतीचा विषय पुन्हा निघाला आणि मी तो ऐकू न आल्याचे केले. अळू दरवाजातून बाहेर पडले की खरी धार सुरू होते. डावीकडे दूर भाटघर धरणाचे पाणी, उजवीकडे गुंजवणीचे खोरे, समोर तोरणा. वाळलेले गवत पायाखाली घसरते, म्हणून पाऊल आडवे टाकायचे. घाई करणाराला ही वाट लवकर थकवते.

मध्ये एक खिंड लागते. तिथून डांबरी रस्ता जातो. ज्याला पुढे जायचे नसेल त्याने तिथे गाडी बघावी. बारापर्यंत खिंड गाठली नाही तर सगळ्यांनी उतरायचे, असे आम्ही आधीच ठरवले होते. पोचलो तेव्हा अकरा चाळीस. पण त्या मुलीच्या टाचेला रुपयाएवढा फोड आलेला. बाईंनी मलमपट्टी केली. मी म्हटले, "इथून खाली जाता येईल, त्यात कमीपणा नाही. बाई सोबत येतील." ती रस्त्याकडे पाहत राहिली. "पाय दुखायलाय, सर," ती म्हणाली, "पण मी यायले." मी तिची टाच पुन्हा पाहिली, पाणी मोजले, उन्हाचा अंदाज घेतला आणि होकार दिला. पांघरूण एकाने घेतले, धपाटी दुसऱ्याने. पाण्याची बाटली मात्र तिने कोणालाही दिली नाही.

तोरण्याची बुधला माची आधी दमवते आणि मग घाबरवते. भुसभुशीत चढ संपला की कातळाचा लहानसा टप्पा आहे, हातापायांनी चढण्याचा. पैलवानकी मिरवणारी दोन मुले तिथे खिळली. ही मात्र तोंड दगडाकडे करून, एक पाय रोवल्याशिवाय दुसरा न उचलता वर गेली. कुठे शिकलीस, असे बाईंनी विचारले. "विहिरीत," ती म्हणाली. तळ गाठलेल्या विहिरीत घागर घेऊन खाचेखाचेने उतरणे, हे तिचे दर उन्हाळ्याचे काम.

रात्र मेंगाई देवीच्या देवळात काढली. हा गड महाराजांनी अगदी तरुणपणी घेतला. त्यावर सापडलेल्या धनातून राजगड उभा राहिला, असे सांगतात. 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा म्हणून नोंदवले. त्यात राजगड आहे, तोरणा नाही. थोरल्याचे असे व्हायचेच. मुक्कामाचे नियम आता कडक झाले आहेत, तेव्हा निघण्यापूर्वी पायथ्याच्या गावात चौकशी करावी. आणि जायचे ते दिवाळीनंतर, फेब्रुवारीच्या आत. पावसात नवख्यांनी बुधल्याच्या वाटेला जाऊ नये.

तिसऱ्या दिवशी बिनी दरवाजाने वेल्ह्याला उतरलो. गुडघे बोलू लागले होते. चहा सांगितला आणि मुलांनी घरी फोन लावले. ती दुकानाच्या कोपऱ्याला उभी राहून वडिलांशी बोलत होती. मला एकच बाजू ऐकू येत होती.

"हो बाबा... पाय बरा हाय... तळं. तळं हाय म्हणते मी... खाली न्हाई, वर. डोंगराच्या डोक्यावर... भरलेलं... न्हाई, टँकरनं न्हाई."

मग ती बराच वेळ नुसती ऐकत राहिली, आणि तिचा चहा निवून गेला.