काटकसरीची वही

दिवाळी पंधरा दिवसांवर आली, की आमच्या घरात दोन गोष्टी हमखास बाहेर निघतात. एक म्हणजे माळ्यावरचा चकलीचा सोऱ्या आणि दुसरी म्हणजे महागाईचा विषय. यंदा सोऱ्या निघायच्या आधीच विषय निघाला. सूनबाई फोन हातभर लांब धरून महिन्याचा खर्च वाचत बसली होती. हल्ली खर्चाची वहीसुद्धा फोनातच असते. वाचता वाचता ती म्हणाली, "आई, तुमच्या माहेरी म्हणे साठ रुपयांत महिना निघायचा. कसं करायचात हो? काहीतरी युक्त्या सांगा ना."

म्हाताऱ्या माणसाला युक्त्या विचारल्या, की त्याला कोण आनंद होतो! मी लगबगीने उठले आणि कपाटातून एक जुनी वही काढली. पाने पिवळी पडलेली, कोपरे कसरीने खाल्लेले, पण अक्षर अजून स्वच्छ. अक्षर माझे, वय वर्षे दहा.

माझे माहेर पावसचे. रत्नागिरीच्या दक्षिणेला दहा-बारा मैलांवर, गौतमी नदीच्या काठचे गाव. पावस म्हटले, की आता लोकांना स्वामी स्वरूपानंदांचे समाधिमंदिर आठवते. स्वामी गेले १९७४ साली. मी सांगते आहे ती गोष्ट त्याच्याही बरीच आधीची. तेव्हाच्या आमच्या पावसात जांभ्या दगडाचे गडगे होते, आंब्याफणसाची झाडे होती आणि मुंबईच्या मनिऑर्डरीकडे डोळे लावून बसलेली घरे होती. त्यांतलेच एक आमचे. अण्णा मुंबईला एका पेढीवर कारकून होते. दर महिन्याच्या सात-आठ तारखेला पोस्टमन साठ रुपये आणून देई. फॉर्मच्या खालच्या चिटोऱ्यावर अण्णांच्या हातचे चारच शब्द असत, "सर्व क्षेम. जपून खर्चणे." त्या साठ रुपयांत आजी, आई, आम्ही तीन भावंडे आणि एक गाय, एवढ्यांचा महिना काढायचा असे.

१९५७ साली आईने हिशेबाची वही माझ्या हाती दिली. म्हणाली, "माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. तुझं कसं मोत्यासारखं आहे. आता तूच लिहीत जा गो." मला तर आकाश ठेंगणे झाले. थोरला भाऊ असताना हिशेब माझ्याकडे! मी हुशार म्हणूनच, याबद्दल मला शंका नव्हती.

आता युक्त्या. खरे सांगायचे, तर आमच्याकडे त्यांना कोणी युक्त्या म्हणत नसे. घरात आलेली वस्तू संपेपर्यंत संपवायची, एवढेच सर्वांना ठाऊक. नारळाचेच पाहा. खोबरे वाटणात गेले. सोडणे न्हाणीघरातल्या चुलीत गेली. करवंटीला दांडी बसवली की आमटीची डवली झाली. झावळ्यांचे झाप विणून मांडवावर पडले, हिरांचा खराटा झाला, आणि उरलेली चुडते पावसाळ्याच्या सरपणात गेली. रातांबे फोडले, की साली त्यांच्याच रसात पुन्हा पुन्हा भिजवून उन्हात घालायच्या. ती आमसुले वर्षभर. बिया टाकायच्या नाहीत. त्या कुटून, उकळून मुठेल काढायचे. थंडीत टाचा फुटल्या, की तेच आमचे मलम.

फणसाचे गरे खाल्ले, की आठळ्या मातीत घोळवून ठेवायच्या. आषाढात भाजी मिळेनाशी झाली, की त्या बाहेर निघत. बरक्या फणसाची पोळी वाळे, चारखंड गाय खाई. झाडावरचा चांगला हापूस पेंढ्यात बसून मुंबईला जाई. आमच्या वाट्याला डागी आणि रायवळ. त्याचीच आंबापोळी, कैऱ्यांची आंबोशी. कुळीथ शिजवला, की वरच्या पाण्याचे कळण आणि खालच्या कुळथाची उसळ. भात कांडले, की तांदूळ भाताला, कण्या पेजेला, कोंडा गाईला. भांड्यांना राख, दातांना राखुंडी, केसांना शिकेकाई. आजीचे लुगडे विरले, की आईचे पोतेरे होण्याआधी ते गोधडीत जाऊन दहा वर्षे आम्हांला ऊब देई.

विकत आणायच्या वस्तू मोजक्याच होत्या: मीठ, मिरची, गूळ, चहा, साखर, रॉकेल, कापड. पावसाळ्यात मुंबईच्या बोटी बंद पडत, म्हणून मे महिन्यातच आगोट भरून ठेवायची. आगोटीच्या बाजाराला जाण्यापूर्वी आई यादी करी, आणि दोन दिवस ती यादी तशीच ठेवून देई. तिसऱ्या दिवशी ती मला वाचायला लावी आणि त्यातल्या दोन-तीन गोष्टी काटायला सांगे. "दोन दिवसांत जिची आठवण झाली नाही, ती वस्तू लागत नाही," हा तिचा नियम. आजच्या दहा मिनिटांत दारात सामान आणून देणाऱ्या मंडळींना हा नियम कळला, तर त्यांचा धंदा बसेल.

त्याच साली, १ एप्रिलला, नवे पैसे आले. रुपयाचे सोळा आणे होते, त्याचे शंभर नवे पैसे झाले आणि गावात एकच गोंधळ उडाला. चार आण्यांचे पंचवीस पैसे बरोबर होत. पण दोन आण्यांचे साडेबारा कसे द्यायचे? सरकारी कोष्टकात दोन आण्यांना बारा पैसे धरलेले. आईने हे कोष्टक माझ्याकडून एकदाच वाचून घेतले आणि दुसऱ्या दिवसापासून चार आण्यांची हळद एकदम आणणे बंद केले. आज दोन आण्यांची, उद्या दोन आण्यांची. बारा आणि बारा चोवीस. एक पैसा वाचला! दुकानदार हसून म्हणे, "तुझ्या आईला सरकारने दिल्लीला न्यायला हवी होती."

नवी नाणी तिने फार लवकर ओळखीची केली. पाच पैसे चौकोनी, दोन आणि दहा लाटदार कडेचे, त्यांत दहा मोठे. एक पैसा गोल. मूठभर नाणी हातात घेऊन, न पाहता, नुसत्या बोटांनी ती पैसे वेगळे करी. मला तिच्या चपळाईचे कौतुक वाटे.

आणखी एक गंमत होती. शाळेला जाण्यापूर्वी मी दहा सुयांत दोरे ओवून त्या ओळीने फडक्याला टोचून ठेवत असे. आई दिवसभरात एकेक सुई उपसून गोधडी शिवी. तिने मला सांगितले होते, की असे केले म्हणजे दोरा कमी लागतो. मी ते खरे मानले. तांदळात खडा लागला, की आम्ही भावंडे एकमेकांना दाखवून हसत असू. आई म्हणे, "दात बळकट होतात." पोथी वाचणे तिने सोडले होते, म्हणे, "पाठच आहे."

दर दिवाळीला मोठ्या खर्चाची यादी होई. भावाचा सदरा, आजीचे लुगडे, गोठ्याची कौले. यादीच्या शेवटी आई सांगे, "लिही, चष्मा." मी लिही. मग बेरीज होई, बेरीज डब्यातल्या पैशांपेक्षा जास्त निघे, आणि आई म्हणे, "शेवटची ओळ खोड." मी पट्टी धरून सरळ रेघ मारी. रेघ सरळ आल्याचाच मला अभिमान. चष्मा कोणाचा, हे मी कधी विचारले नाही.

१९६० साली मला पुढच्या शिक्षणासाठी रत्नागिरीला आत्याकडे ठेवायचे ठरले. मुलीला कशाला, असे आजी म्हणाली; अण्णांनी पत्रात लिहिले, की पैशांची सोय होणार नाही. तेव्हा आईने फडताळातला डबा उघडून पाटावर पालथा केला. एकशे बारा रुपये निघाले. साठ रुपयांच्या महिन्यातून एकशे बारा! आजी काही बोलली नाही. मी शिकले.

पुढे १९६६ साली मुंबईत मला नोकरी लागली. पहिल्या दिवाळीला घरी गेले आणि आईला रत्नागिरीला डोळे तपासायला घेऊन गेले. चष्म्याला सतरा रुपये पडले. घरी येऊन तिने तो लावला आणि पहिली वस्तू मागितली ती हीच वही. ओसरीवर बसून तिने पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. थोड्या वेळाने म्हणाली, "भाद्रपदात पंचवीस पैसे जास्ती मांडलेस हो."

मग पान उलटताना तिचे बोट एका खोडलेल्या ओळीवर थांबले. पुढे आणखी एका ओळीवर. चार दिवाळ्यांत चार रेघा. माझ्या डोक्यात तेव्हा कुठे प्रकाश पडला. वही माझ्या हाती आली ती माझ्या मोत्यासारख्या अक्षरामुळे नव्हे. दहा सुया, तांदळातले खडे, बोटांनी ओळखलेली नाणी, पाठ झालेली पोथी, सगळे एकदम समोर उभे राहिले. माझ्या शिक्षणाच्या डब्यात आईचे डोळे होते. आई मात्र एवढेच म्हणाली, "रेघा काय सरळ मारल्यास गो!"

हे पाहून मी शहाणी झाले असेन, असे तुम्हांला वाटेल. नाही झाले. १९६८ साली लग्न होऊन मी गिरगावातल्या चाळीत आले. १९७२ च्या दुष्काळात धान्य मिळेना. रेशनवर लाल मायलो येई. त्याच्या भाकरी थापता थापता तुटत. महागाईविरुद्ध मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर यांनी बायकांना रस्त्यावर आणले, लाटणी-थाळ्यांचे मोर्चे निघाले. आमच्या चाळीतल्या बायकाही निघाल्या. मी गेले नाही, कारण माझा दात ठणकत होता. दाताला लवंगेचे तेल लावीत मी आठ महिने काढले. कुकरसाठी पैसे साठवायचे होते ना! शेवटी गाल सुजला. दात भरून भागले असते, तो काढावा लागला, शेजारचाही गेला, आणि कुकरचे पैसे डॉक्टरकडे गेले ते गेलेच.

त्या रात्री मी माझ्या संसाराची वही उघडली. तीन महिने ओळीने "दात" असे लिहिलेले होते आणि तीन महिने त्यावर रेघ होती. रेघ अगदी सरळ.

दुसऱ्या महिन्यापासून मी वहीची पद्धत बदलली. भाडे, दूध, रेशन यांच्याही आधी पहिल्या ओळीत स्वतःचे नाव घातले आणि पुढे पाच रुपये मांडले. औषध, चप्पल, चष्मा, काहीही. पण ते पैसे दुसऱ्या ओळीत जायचे नाहीत. सासूबाईंनी पाहिले आणि म्हणाल्या, "आमच्या वेळी नव्हती असली थेरं." चार दिवस गेले. पाचव्या दिवशी भाजी निवडता निवडता हळूच म्हणाल्या, "तुझ्या नावाखाली जागा आहे का गं? दोन रुपये माझेही मांड. गुडघ्याला तेल आणायचंय." आमच्या घराचे बजेट त्या सात रुपयांनी बुडाले नाही. कुकर सहा महिने उशिरा आला, इतकेच.

तेव्हा वाचक भगिनींनो, आणि त्यांचे हे पान चोरून वाचणाऱ्या बंधूंनो, काटकसर अवश्य करा. यादी दोन दिवस ठेवून मग बाजारात जा. हंगामात स्वस्त असेल ते वाळवून, मुरवून ठेवा. उरलेल्या भाताला फोडणी द्या, विरलेल्या साड्यांच्या गोधड्या शिवा, रिकाम्या खोलीतला दिवा मालवा. नारळाची करवंटीसुद्धा फुकट घालवू नका. पण महिनाअखेर एकदा वही उघडून पाहा, की वाचलेला पैसा नेमका कोणाच्या वाट्यातून वाचला. दर वेळी एकाच माणसाच्या वाट्यातून वाचत असेल, तर ती काटकसर महागात पडते. तिचे बिल उशिरा येते एवढेच.

हे सगळे सूनबाईला सांगून झाले. ती फोन अजून तसाच हातभर लांब धरून, डोळे बारीक करून बसली होती.

"वाच बघू, तुझ्या वहीत पहिली ओळ कोणाची आहे?" मी विचारले.

"घराचा हप्ता," ती म्हणाली.

"आणि हे डोकं दुखतं म्हणत होतीस, डोळे तपासायचे होते, ते?"

"दिवाळी झाली की बघू, आई. यंदा खर्च फार आहे."

मी उठले, चपला पायांत घातल्या आणि तिच्या हातात तिची पर्स दिली. कोपऱ्यावरचा चष्मेवाला नऊपर्यंत उघडा असतो. सोऱ्या उद्या काढू म्हटले. चकल्यांना अजून पंधरा दिवस आहेत.