मागे बसलेला गुरू

गुरूची जागा समोर असते, असे आपण सगळेच धरून चालतो. गवयीबुवा समोर बसून तान घेतात, वस्ताद हौद्याच्या काठावर उभा राहून डाव सांगतो, आणि आम्हां प्राथमिक शिक्षकांचे तर सारे आयुष्य फळ्यासमोर जाते. पोहायला शिकवणारा पाण्यात उतरतो खरा. पण वेळ आलीच तर तो पोहून काठाला लागेल, याची त्याला खात्री असते. शिकवणाऱ्याने आपला जीवच शिकणाऱ्याच्या हाती देऊन टाकावा, अशी विद्या मला तरी एकच आढळली. ती म्हणजे मोटारसायकल! तिथे गुरू मागे बसतो.

ही विद्या मी शिकलो ती वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, आणि तीही धारणीला. मी मूळचा अकोल्याचा. आमचा मुलूख सपाट, काळ्या मातीचा. तिथे सायकलवर माणसाचा जन्म निघून जातो. पण बदली मेळघाटात झाली आणि सायकलीचे तत्त्वज्ञान पहिल्याच चढावर संपले. धारणीत खोली घेतली. शाळा मात्र हरिसालच्या बाजूला, मुख्य रस्ता सोडून चांगली आत. तिकडे जायचे तर काळीपिवळीची वाट पाहायची, आणि काळीपिवळी भरल्याशिवाय हलत नाही. ती कधी भरणार हे बाजाराच्या दिवसावर, लग्नसराईवर आणि पावसावर अवलंबून! तोवर तिकडे शाळेच्या ओट्यावर मुले बसून राहायची. कंटाळली की मोह वेचायला नाहीतर नाल्यावर खेकडे धरायला निघून जायची.

एके दिवशी असाच नाक्यावर ताटकळत उभा होतो. तिथल्या पंक्चरच्या दुकानातला तरुण हात पुसत पुसत माझ्याजवळ आला. घरी कोरकू बोलणारा, गिऱ्हाइकाशी हिंदी आणि माझ्याशी वऱ्हाडी. त्याची मुलगी माझ्याच शाळेत दुसरीत होती.

"गुरुजी, एखादी जुनी गाडी घेऊन टाका. शिकवतो मी."

"या वयात? आणि घेशील किती शिकवायचे?"

"पैसे कायले जी? तुमी वेळेवर आले त शाळा भरते. शाळा भरली त पोरगी वाचाले शिकते. माहा फायदा हायेच न."

हा सौदा मला नाकारता येईना. मी एक जुनी शंभर सीसीची गाडी घेतली आणि अकोल्याला पत्नीला फोनवर ही वार्ता दिली. ती म्हणाली, "फटफटी? तुम्ही?" त्या एका शब्दात आमच्या वडिलांचा सगळा काळ होता. १९५५ साली मद्रासला बुलेट तयार होऊ लागली, साठानंतर म्हैसूरची जावा आली, मागोमाग राजदूत आली. तेव्हा गावात फटफटी असायची ती एखाद्या डॉक्टराकडे नाहीतर सरकीच्या व्यापाऱ्याकडे, आणि तिचा आवाज दोन गल्ल्या आधी ऐकू यायचा. जुन्या बुलेटचा गियर उजव्या पायाखाली असे आणि ब्रेक डाव्या. जावाची किक म्हणजेच तिचा गियर! आता सगळ्याच गाड्यांचे हातपाय एका जागी आले आहेत. डाव्या हाती क्लच, डाव्या पायी गियर. उजव्या हाती वेग आणि पुढचा ब्रेक, उजव्या पायी मागचा ब्रेक. चार अवयवांना चार कामे वाटून दिलेली, आणि ती चौघांनी एकमेकांशी न भांडता करायची. एकत्र कुटुंबात वाढलेल्या माणसाला यातली अडचण सांगायला नको.

शिकाऊ परवाना काढला तेव्हा नियमही वाचले. नियम वाचण्याची खोड शिक्षकाला असतेच. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत शिकाऊ माणसासाठी मोठी मौज आहे. गाडीच्या पुढे आणि मागे अठरा सेंटिमीटर चौरस पांढऱ्या पाटीवर निदान दहा सेंटिमीटर उंचीचा तांबडा 'एल' हवा. मोटारसायकलवर मागे दुसऱ्या कोणाला बसवायचे नाही. बसेल तो फक्त शिकवणारा, आणि त्याच्यापाशी पक्का परवाना हवा. शिवाय त्याने अशा जागी बसावे की, गाडी त्याला आवरता किंवा थांबवता येईल! आता मागच्या सीटवर अशी जागा कोणती, ते नियम करणारेच जाणोत. पुढे तेच नियम सांगतात की, मोटार शिकवणाऱ्या संस्थांच्या गाड्यांना गुरूसाठी निराळा ब्रेक वगैरे दुहेरी व्यवस्था पाहिजे. मात्र मोटारसायकली सोडून. म्हणजे कायद्यानेच कबूल केले आहे की इथे गुरूपाशी काही नाही. ना ब्रेक, ना क्लच. आहे तो फक्त विश्वास.

पाटीसाठी मी पुठ्ठा कापत होतो, तेव्हा त्याची मुलगी शेजारी येऊन बसली. "गुरुजी, हा एल काहून?" म्हटले, "मी अजून शिकतो आहे, हे लोकांना कळावे म्हणून." तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "मंग माह्या दप्तराले बी लावा."

आमची शाळा रविवारी पहाटे भरू लागली. दोघांच्या डोक्यांवर हेल्मेटे. मी पुढे, गुरू मागे. पहिले दोन रविवार क्लचनेच खाल्ले. "एकदम सोडू नका जी. हातातलं पाखरू सोडता न, तसा सोडा." तिसऱ्या रविवारी मला वाटले, आता जरा वेग येऊ द्यावा. त्याने मला एका बैलगाडीच्या मागे लावून दिले आणि पाय न टेकता तिच्याच चालीने यायला सांगितले. जोरात कोणीही जातो, तोल कळतो तो हळू चालताना, हे त्या बैलांनी मला अर्ध्या तासात पटवले. आणि खड्ड्यांविषयी त्याचे एक सूत्रच होते: "खड्ड्याकडं पाहाल त गाडी खड्ड्यातच जाईन. जिकडं जायाचं तिकडं पाहा." संसाराला याहून वेगळा उपदेश काय करायचा असतो?

तेवढ्यात होळी आली. मेळघाटातली होळी एका रात्रीत संपत नाही. पळस पेटलेला असतो, मोहाच्या वासाने पहाट जड झालेली असते, ढोल-बासरीचा नाद या पाड्यावरून त्या पाड्यावर जात असतो, आणि फगवा मागणारी मंडळी रस्त्यावर उतरतात. बाया दोर आडवा धरतात, गाणे म्हणतात आणि फगव्याचे पैसे घेतल्याशिवाय वाट देत नाहीत. त्या रविवारी धारणीपासून निघालो तो दर वळणाला एक दोर! थांबा, न्यूट्रल करा, खिशात हात घाला, हसा, क्लच दाबा, पुन्हा पाखरू सोडा. एका ठिकाणी गाडी बंद पडली तेव्हा त्या बायांनी आणखी एक कडवे म्हटले. ते माझ्यावरच असावे, कारण माझा गुरू मागे बसून पोट धरून हसत होता. सुटे पैसे संपले, पण त्या दिवसानंतर क्लचने मला कधी दगा दिला नाही.

घाट मात्र थट्टेचा नव्हता. हा रस्ता पुढे सेमाडोहवरून परतवाड्याला उतरतो. दोन्ही अंगांना साग आणि बांबू. देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांतले हे रान. एखादे सांबर कुठून आडवे येईल, नेम नाही. उतारावर गाडी न्यूट्रल करायची नाही, खालच्या गियरात इंजिनानेच तिला धरून ठेवायचे, हे तो घोकून घेत होता. एका वळणावर समोरून बांबूचा ट्रक आला, आणि तो आला तो रस्त्याच्या मधोमध. माझ्या वाट्याला उरली ती डावीकडची हातभर पट्टी आणि तिच्यापलीकडचा मुरूम. मी काय केले ते आता सांगता येणार नाही. हातापायांनीच ते केले. ट्रक गेला तेव्हा गाडी मुरमावर उभी होती, माझे दोन्ही पाय जमिनीवर होते आणि रानात एक पाखरू बोलत होते.

मागून शब्द नाही. खांद्यावर हात नाही. मी वळून पाहिले तर त्याचे दोन्ही तळवे त्याच्याच गुडघ्यांवर घट्ट दाबलेले होते.

"भेव नाही वाटलं तुला?"

"वाटलं न जी. लय वाटलं. पर मी बोललो असतो त तुमी माह्याकडं पाह्यलं असतं. मंग रस्त्याकडं कोनं पाहावं?"

घरी बायको, दुसरीतली पोर, म्हातारी आई. एवढे सगळे त्या मागच्या सीटवर ठेवून तो गप्प राहिला होता. पंचवीस वर्षे खडू हातात धरलेल्या मला, शिकवण्यात एवढे मौन मावते हे त्या वळणावर दिसले. दुसऱ्या दिवशी वर्गात त्याची मुलगी 'झाड' हा शब्द जुळवीत होती. 'झ'पाशी ती अडली. माझा हात सवयीने पाटीकडे निघाला. मी तो गुडघ्यावर ठेवला. बराच वेळ गेला. मग तिने अख्खा शब्द वाचला आणि असे काही पाहिले माझ्याकडे, की त्यापुढे सरकारी पुरस्कार फिके!

परीक्षेत इंग्रजी आठ काढून दाखवावा लागतो. आपला मराठी ८ असता तर एका वळणात सुटका होती! तोही आठ पार पडला. पक्का परवाना आला, एलची पाटी खाली उतरली आणि ठरल्याप्रमाणे एका दप्तरावर चढली. काळीपिवळीची वाट पाहणे संपले. आता शाळेचे कुलूप मीच उघडतो, मुले मागून येतात.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत पत्नी आणि मुलगी धारणीला आल्या. मुलीला नुकतेच अठरावे संपले होते. तिने घरी बसल्या बसल्या संगणकावर परीक्षा देऊन शिकाऊ परवाना मिळवला होता, आणि आल्या आल्या तिने जाहीर केले की फराळ नंतर, आधी गाडी. नरकचतुर्दशीची आंघोळ आटोपून आम्ही रस्त्यावर आलो. ती पुढे बसली, मी मागे बसलो, आणि ज्या जागेविषयी मी इतके दिवस विचार करत आलो होतो, ती जागा मला पहिल्यांदा कळली.

समोर काही दिसत नाही. दिसते ते एक हेल्मेट आणि लहानपणी तेल लावून घातलेल्या वेणीचे टोक. उजवा पाय सारखा एक ब्रेक दाबत होता आणि त्या पायाखाली ब्रेक नव्हता. सांगण्यासारखी शंभर वाक्ये तोंडाशी येत होती. पंक्चरच्या दुकानासमोरून गेलो तेव्हा माझा गुरू दारातच उभा होता. त्याने तिच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. मलाच ओरडून म्हणाला, "गुरुजी, खांदे सोडा! पोरगी बराबर चालवून राहिली!"

मागे बसलेल्याने ताठ राहिले तर वळणावर गाडी अडते. पुढचा जिकडे कलेल, तिकडेच त्यानेही निमूट कलायचे असते. गाव मागे पडले. पहिले वळण दिसू लागले. तिने वेग कमी केला, गियर उतरवला आणि ती डावीकडे कलली. मी दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवले, आणि तिच्याबरोबर कललो.