तापलेल्या कॉम्प्युटरचा ताळेबंद



हल्ली बऱ्याच घरांत नातवंडांचा गेमिंग कॉम्प्युटर असतो, आणि उन्हाळ्यात तो खेळता खेळता मध्येच बंद पडतो. आमच्याकडे मे महिन्यात हेच सुरू झालं. नातवाने दोन वर्षं बक्षिसाचे, वाढदिवसाचे पैसे साठवून ते मशीन जोडलेलं. दुकानदाराने उघडून न बघताच 'प्रोसेसर गेला' म्हणत अठरा हजारांचा खर्च सांगितला. मुलगा म्हणाला, "आई, विकून टाकू." नातू दोन दिवस ताटावर कोणाशी बोलेना.

मी बी.कॉम. झालेली, खर्चाआधी आकडे बघायची सवय आहे. एचडब्ल्यूइन्फो नावाचा मोफत प्रोग्रॅम आतलं तापमान दाखवतो. त्याचा प्रोसेसर रायझन ५ ५६००, कंपनीने सांगितलेली कमाल मर्यादा ९० अंश. तिथे पोचला की प्रोसेसर आपला वेग कमी करतो. त्यावरही ताप वाढला तर जळू नये म्हणून मशीन बंद होतं. खेळताना आकडा ९० ला टेकलेला. म्हणजे प्रोसेसर जिवंत होता, गरम हवेला वाट नव्हती. मग वहीत ओळी आखल्या आणि फुकटच्या उपायांपासून सुरुवात केली.

डबा भिंतीला चिकटलेला होता, मागचा पंखा गरम हवा भिंतीवरच फेकत होता. वीतभर पुढे ओढला: ८६.

नंतर वायर काढून डबा गॅलरीत नेला. हे काम दिवसाउजेडी करा, कारण आतल्या उबेला कोळी, मुंग्या येतात. आधी जीव बघून मऊ ब्रशने अलगद बाजूला करा, मगच हवा मारा. पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. हवेने गरगर फिरलं तर बेअरिंग खराब होतं. जाळीतून धुळीचा नमदाच निघाला: ८०.

तिसरं काम पेस्टचं. प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली पेस्ट वाळली की उष्णता वर पोचत नाही. कूलर काढण्याआधी मशीन थोडा वेळ चालवून कोमट करा, मग बंद करून, वायर काढून, स्क्रू सैल करून कूलर हळू डावी-उजवीकडे फिरवा. सरळ ओढला तर या जातीचा प्रोसेसर कूलरला चिकटून सॉकेटातून उपटून येतो. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी तुरीच्या दाण्याएवढी घालायची. नातवाने घातली, मी बॅटरी धरली. खर्च साडेतीनशे रुपये: ७३.

शेवटचा उपाय पुन्हा फुकटचा. त्याचा पडदा सेकंदाला ६० चित्रं दाखवतो, गेम मात्र दीडशे तयार करत होता. गेमच्या सेटिंगमध्ये ६० ची मर्यादा घातली: ६६. गरजेपुरतं घ्यावं, हे आपल्याला कोणी नव्याने शिकवायला नको!

एक ध्यानात ठेवा: पंख्याचा कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. खोली दहा अंशांनी तापली की आतला आकडाही साधारण तेवढाच चढतो. म्हणून होळीच्या आधी एकदा आणि दिवाळीच्या साफसफाईत एकदा डबा उघडायचा, असं आम्ही ठरवलंय.

वही आता नातवाकडे आहे. परवा त्याचे वडील ऑफिसमधून आल्या आल्या दारातूनच विचारत होते, "आज किती?"