वैशाखांतील मोजणी

गेल्या वर्षीं श्रावण महिन्यांत आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी मला बाजारांत भेटला. तो आतां कॉलेजच्या दुसऱ्या वर्षांत शिकतो. नमस्कार करून तो मोठ्या उत्साहानें म्हणाला, "सर, आमच्या कॉलेजनें यंदा पांचशें झाडें लावलीं. वर्तमानपत्रांत फोटोही आला आहे." मीं त्याचें अभिनंदन केलें आणि सहज विचारलें, "गेल्या वर्षीं लावलेल्यांपैकीं किती जगलीं?" त्याचा चेहरा एकदम उतरला. तो कांहीं न बोलतां चपलेनें जमीन उकरूं लागला. घरीं परत येतांना मला माझ्या प्रश्नाचा पश्चात्ताप झाला. कारण मी त्याच्या वयाचा असतांना कोणी मला असें विचारलें असतें, तर माझ्यापाशींही उत्तर नव्हतें. तें उत्तर मला पुढें कसें मिळालें, तेंच आज लिहावयाचें योजिलें आहे.

आमच्या शाळेंतील बहुतेक मुलेंमुली दोनचार वर्षांत कॉलेजांत जातील, आणि तेथें राष्ट्रीय सेवा योजना हें नांव त्यांच्या कानीं पडेल. म्हणून प्रथम तिच्याविषयीं थोडें सांगतों. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षीं, २४ सप्टेंबर १९६९ रोजीं, ३७ विद्यापीठांत सुमारें ४० हजार विद्यार्थ्यांसह ही योजना सुरू झाली. तींत नांव घालणाऱ्या विद्यार्थ्यानें वर्षाकांठीं १२० तास समाजसेवेचें काम करावयाचें असतें. कॉलेज एखादें गांव दत्तक घेतें, आणि हिंवाळ्यांत तेथें शिबिर भरतें. 'माझ्यासाठीं नव्हे, तर तुमच्यासाठीं' असें या योजनेचें ब्रीद आहे. हें ब्रीद मीं वहीच्या पहिल्या पानावर वळणदार अक्षरांत लिहून ठेविलें होतें. परंतु हे 'तुम्ही' कोण, आणि त्यांना काय हवें आहे, हें विचारण्याची बुद्धि मला झाली नव्हती.

ही गोष्ट १९९९ सालची. आमच्या कॉलेजनें दत्तक घेतलेलें गांव तेव्हांच्या अहमदनगर, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत होतें. सह्याद्रि आपलें बहुतेक पाणी कोंकणांत व घाटमाथ्यावर उतरवून घेतो, आणि पूर्वेकडील आमच्या तालुक्यांच्या वाट्यास उरलेले ढग येतात. तशा त्या गांवाच्या उघड्याबोडक्या टेकडीवर आम्हीं जुलै महिन्यांत २०० रोपें लावलीं. रोपवाटिकेंत जें मिळालें तें आणलें; बहुतेक गुलमोहर आणि सुबाभूळ. पाहुण्यांचें भाषण झालें, फोटो झाला, चहा झाला, आणि संध्याकाळच्या गाडीनें आम्ही परतलों. मिशनच्या बोर्डिंगांत माझें बालपण गेलें. तेथें प्रत्येक मुलाकडे एक झाड सोंपविलेलें असे, व आंघोळीनंतर बादलीभर पाणी त्यास घातल्यावांचून न्याहारी मिळत नसे. झाडाला पाणी लागतें हें मला ठाऊक नव्हतें असें मुळींच नाहीं. पण त्या दिवशीं गाडींत बसतांना तें मनांतही आलें नाहीं.

डिसेंबर महिन्यांत शिबिरासाठीं आम्ही त्याच गांवीं गेलों. टेकडी पूर्वीसारखीच उघडी होती. खड्ड्यांतून वाळलेल्या काड्या उभ्या होत्या, आणि भोंवतीं शेळ्यांच्या लेंड्या पडल्या होत्या. आम्हीं मोजलीं तेव्हां जिवंत रोपें १४ भरलीं. जवळच एक म्हातारी तीन शेळ्या घेऊन बसली होती. आमच्यांतील एकानें तिला रागानें विचारलें, "आजी, तुमच्या शेळ्यांनीं आमचीं झाडें खाल्लीं ना?"

आजीनें त्याच्याकडे शांतपणें पाहिलें. "व्हय बाळा, खाल्ली," ती म्हणाली. "पयले आठ-पंधरा दिस मी हाकलीत व्हते. मग म्हनलं, पानी घालायला तर कुनी येत न्हाई. वाळून जायचीच हायेत, तर शेळीच्या पोटात गेली म्हनून काय बिघडलं? अन् बाबांनो, सारा डोंगर खांदून ठेवला, तर माझ्या शेळ्या कुठं चरायच्या, ते तरी इचारायचं व्हतं."

आम्हांपैकीं कोणासही उत्तर सुचलें नाहीं. त्या तीन शेळ्यांवर तिचा संसार होता, आणि गांवांत शेळ्या चारावयास दुसरी जागा नव्हती. आम्ही जिच्या सेवेला गेलों होतों, तिच्याच तोंडचा घांस काढून घेण्याची तजवीज आम्हीं केली होती.

रात्रीं आमच्या प्राध्यापकांनीं आम्हांला गांवच्या पारावर नेऊन बसविलें व गांवकऱ्यांना विचारलें, "आमच्या पन्नास मुलांच्या हातून तुमच्या कोणत्या उपयोगाचें काम होईल?" बराच वेळ कोणी बोललें नाहीं. मग एक विहिरी खणणारे वृद्ध गृहस्थ म्हणाले कीं, गांवची विहीर होळीच्या आधींच आटते. यंदा परतीचा पाऊस बरा झाल्यानें ओढा अजून वाहतो आहे, तर त्याचें पाणी अडवा. जागाही त्यांनींच दाखविली. सिमेंटचीं रिकामीं पोतीं माती व वाळू भरून सुतळीनें शिवावयाचीं, आणि भिंतींत विटा बसवितात त्याप्रमाणें सांधे चुकवून ओढ्याच्या पात्रांत थरावर थर रचावयाचीं. यालाच वनराई बंधारा म्हणतात. चार दिवसांत कमरेइतका बांध झाला. पहिल्या दिवशीं गांवचे पांचसहा लोक कांठावर उभे राहून पाहत होते. तिसऱ्या दिवशीं तेच पाण्यांत उतरून आम्हांला पोतीं कशीं बसवावींत तें शिकवूं लागले. बांधामागें पाणी सांचलें, तें जमिनींत मुरलें, आणि त्या वर्षीं होळी होऊन गेली तरी विहिरीला पाणी होतें.

असा बांध फार दिवस टिकत नाहीं. पोतीं उन्हानें विरतात आणि पुढच्या पावसाळ्यांत पूर आला कीं वाहून जातात. आमचाही गेला. परंतु दुसऱ्या वर्षीं आम्ही गांवीं पोंचलों, तेव्हां लोकांनीं पोतीं आधींच जमवून ठेविलीं होतीं. त्या वर्षीं आम्हीं रोपें अवघीं ४० नेलीं; कडुनिंब, चिंच, बोर अशीं त्या मातींत वाढणारीं. तीं टेकडीवर न लावतां घरांच्या आसपास लावलीं, आणि एकेक रोप एकेका घराच्या स्वाधीन केलें. आजीनें आपल्या दारापुढें कडुनिंब लावून घेतला, आणि शेळ्यांपासून राखण्यासाठीं त्याला बाभळीच्या काट्यांचें कुंपण स्वतःच्या हातांनीं केलें. पुढें मे महिन्याच्या सुट्टींत मी व माझे दोन सोबती मुद्दाम मोजावयास गेलों. ऊन असें होतें कीं, बोलवत नव्हतें. ४० पैकीं २६ रोपें जिवंत होतीं. त्यांत आजीचें रोप होतें.

आमच्याच जिल्ह्यांतील दोन गांवांनीं हा धडा आमच्या कितीतरी आधीं गिरविला होता. राळेगण सिद्धी येथें १९७५ नंतर अण्णा हजारे यांच्या पुढाकारानें, आणि हिवरे बाजार येथें १९९० च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाल्यावर, गांवकऱ्यांनीं श्रमदानानें पाणी अडविलें. दोन्ही गांवांत कुऱ्हाडबंदी व चराईबंदी झाली. पण ती बाहेरच्यांनीं लादलेली नव्हती, गांवानें आपण होऊन स्वीकारलेली होती. हिवरे बाजारांत मोकळी चराई बंद झाली, तरी गवत कापून घरीं नेऊन जनावरांस घालण्याची मुभा राहिली. आजीच्या प्रश्नाचें उत्तर तेथें आधींच शोधून ठेविलेलें होतें. त्या गांवीं पावसाच्या पाण्याचा दर वर्षीं ताळेबंद मांडतात, आणि हातीं किती पाणी आहे तें पाहून कोणतें पीक घ्यावें तें ठरवितात.

विद्यार्थ्यांनीं अंगमेहनत करावी हा विचारही नवा नाहीं. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं काले येथें रयत शिक्षण संस्था स्थापिली, आणि 'कमवा व शिका' हा मार्ग हजारों गरीब मुलांना दाखविला. तीं मुलें शेतांत राबत, तें स्वतःच्या भाकरीसाठीं राबत. पाणी घालावयास विसरलें तर ताट रिकामें राहील, हें त्यांना ठाऊक होतें. कागदावर तास भरण्यासाठीं केलेल्या कामांत आणि त्या कामांत हाच मोठा फरक आहे.

आज कॉलेजांतून या विषयाकडे पूर्वीपेक्षां अधिक लक्ष दिलें जातें. पर्यावरणाचा अभ्यास सर्व विद्यार्थ्यांस सक्तीचा करावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानें १९९१ सालीं दिला. पुढें पदवीच्या अभ्यासक्रमांत तो विषय आला. कॉलेजांचें मूल्यांकन होतांना वीज, पाणी, कचरा व झाडें यांचीही विचारपूस गेल्या कांहीं वर्षांत होऊं लागली. कोठें गच्चीवर सौर पट्ट्या बसतात, कोठें पालापाचोळ्याचें खत होतें, कोठें छपराचें पाणी जमिनींत मुरवितात. हें सर्व चांगलेंच आहे. छपरावर पडणाऱ्या पाण्याचा हिशेब तर तुम्हांलाही करतां येईल. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर एक लिटर पाणी होतें. छप्पर ५०० चौरस मीटर आणि वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटर धरला, तर अडीच लक्ष लिटर झालें. त्यांतील पांचवा हिस्सा वायां गेला तरी दोन लक्ष लिटर हातीं राहतें. परंतु मृगापूर्वीं छप्पर झाडून पन्हाळी साफ करणारा कोणी नसेल, तर हा हिशेब वहींतच राहतो.

विद्यार्थ्यांनो, तुम्ही कॉलेजांत जाल तेव्हां अशा कामांत अवश्य नांव घाला. मीं सांगितलेल्या चुकीमुळें मागें सरूं नका. मात्र कुदळ उचलण्यापूर्वीं, ज्यांच्या दारांत आपण जात आहों त्यांना विचारा, आणि आपण परत गेल्यावर तें काम कोण सांभाळील हें तेथेंच ठरवून घ्या. झाडें लावतांना श्रावणांत मोजूं नका. वैशाखांत जाऊन मोजा.

बाजारांत भेटलेला तो मुलगा यंदा मे महिन्यांत माझ्या घरीं आला. उन्हानें त्याचें तोंड रापलें होतें. त्यानें खिशांतून एक घडी केलेला कागद काढून माझ्यापुढें ठेविला. पांचशेंपैकीं ११८ झाडें जिवंत होतीं. कोठें किती जगलीं आणि कोठें कां मेलीं, हें त्यानें ओळीनें लिहून आणलें होतें. आंकडा लहान म्हणून तो ओशाळला होता. मीं त्याला आंत बोलावून पाणी दिलें, आणि माझे २०० व १४ हे आंकडे प्रथमच कोणापुढें सांगितले. मग आम्ही दोघे बराच वेळ त्या कागदावरच बोलत बसलों.

पालकहो, आपणांपाशीं एकच मागणें आहे. आपला मुलगा किंवा मुलगी भर उन्हाळ्यांत, सुट्टीच्या दिवशीं, एखाद्या दूरच्या गांवचीं झाडें पाहावयास जाण्यासाठीं एस. टी. चें भाडें मागेल, तेव्हां तें अवश्य द्यावें. आणि बरोबर पाण्याची एक बाटली जास्त द्यावी.