बदाम दश्शी

पत्त्यांच्या त्या जोडात बदामाची दश्शी नाही. तिच्या जागी लग्नपत्रिकेचा तुकडा आहे, कात्रीनं पत्त्याच्या मापात कापलेला. एका अंगाला लाल शाईनं दहा बदाम काढलेत. पहिले पाच सावकाश, रेखीव, पुढचे घाईत, शेवटचा तर पिंपळाच्या पानासारखा लांबट झालाय. दुसऱ्या अंगाला सोनेरी छपाई, ‘चि. सौ. कां.’ आणि त्यापुढं कात्री. कुणाचं लग्न होतं ते कळायला मार्ग नाही.

लातूरच्या गंजगोलाईजवळच्या एका घरातून हा जोड माझ्याकडं आला. मेंढीकोट खेळणाऱ्याला या तुकड्याची अडचण लगेच कळेल. दश्शी म्हणजेच मेंढी. चार मेंढ्यांसाठीच सगळा डाव, आणि चारही एका बाजूला गेल्या की कोट. इथं तर समोरच्याला पाठीवरूनच दिसतं की बदामाची मेंढी कुणाच्या हातात आहे. ‘‘मग खेळत कसे होता?’’ मी त्या घरच्या काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, ‘‘बघायचं नाही असं ठरलं होतं.’’ एवढंच. कितीतरी उन्हाळे, ढेलजेत बसून, चौघं जण एकमेकांच्या पानांच्या पाठीकडं न बघता खेळले. हरणाऱ्यानंसुद्धा बघितलं नाही. हे ऐकल्यापासून मी तो तुकडा जोडातून वेगळा काढलेला नाही.

जुने घरगुती खेळ मी गोळा करतो त्याला बरीच वर्षं झाली. सुरुवातीला पूर्ण खेळ शोधायचो. एखादी सोंगटी कमी निघाली की हिरमुसायचो. आता पूर्ण खेळ हातात आला तर तो फारसा खेळलाच गेला नसावा असं वाटतं. नांदेडच्या इतवाऱ्यात रद्दीत मिळालेला एक व्यापार आहे. त्यातल्या पाचशेच्या नोटा संपल्या म्हणून एसटीच्या जुन्या तिकिटांवर आकडे घातलेत. पटावर उटीला बॉलपेननं फुली मारून कुणीतरी ‘देगलूर’ लिहिलंय, आणि भाडं मात्र उटीचंच ठेवलंय.

अष्टाचंगला तर विकतचं काहीच लागत नाही. फरशीवर खडूनं पाच गुणिले पाच घरं आखायची, चिंचोके दगडावर घासून दुभंगायचे. एक अंग तपकिरी, एक पांढरं. चारही पांढरे पडले तर चंग, चारही तपकिरी पडले तर अष्टा. देगलूरपलीकडं तेलुगूत तो अष्टा चम्मा होतो, कन्नडमध्ये चौकाबारा. 1956 साली निजामाचं जुनं राज्य तीन भाषांत वाटलं गेलं तेव्हा हा खेळ तिन्हीकडं गेला. संग्रहात ठेवायला त्याचं काहीच उरत नाही, म्हणून मी एका डबीत मूठभर चिंचोके ठेवलेत.

आणि सारीपाट. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या जत्रेला जाणाऱ्यांना हे सांगायला नको. खंडोबा म्हाळसेशी सारीपाटात हरला आणि बाणाईकडं मेंढरं राखायला गेला, हे वाघ्या-मुरळ्यांच्या तोंडून ऐकतच आपण मोठे झालो. चार पंख, प्रत्येक पंखात आठ-आठ घरांच्या तीन ओळी, म्हणजे शहाण्णव घरं, सोळा सोंगट्या. फाशांनी खेळलं तर चौसर, कवड्यांनी खेळलं तर पचिशी. गंजगोलाईला येऊन मिळतात तेही सोळाच रस्ते. गोलाई 1917 सालची. तिथल्या अंबाबाईच्या देवळाशी उभं राहिलं की मला हटकून पट आठवतो.

माझ्याकडचा पट आक्कांचा आहे. आक्का औसा तालुक्यातल्या, नात्यानं लांबच्या. 29 सप्टेंबर 1993 ला गणपती बोळवून गाव उशिरा झोपलं आणि पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी भूकंप झाला. दगडमातीच्या भिंती, वर माळवदाचा भार. आक्कांच्या घरातली दोन माणसं गेली. त्याबद्दल त्या बोलत नाहीत, मीही विचारत नाही. चार-पाच दिवसांनी ढिगारा उपसताना पितळी डबा निघाला, चेपलेला. आत कापडी पट आणि सोंगट्या. कवड्या सहा होत्या, पाच सापडल्या. सहावीच्या जागी त्यांनी अर्धा चिंचोका घातला, आणि तोच आजवर चालतोय.

पट देताना त्या म्हणाल्या, ‘‘ने बाबा, पण नुसतं ठिवू नगो.’’

म्हणून दर दिवाळीला मी तो घेऊन त्यांच्याकडं जातो. त्यांच्या बोटांना आता घट्ट मूठ वळत नाही. ओंजळीतच खुळखुळवून त्या दान टाकतात. गेल्या खेपेला त्यांची शेवटची सोंगटी बसायची होती. पाचही कवड्या पालथ्या पडल्या. चिंचोका जरा पुढं घरंगळला, कडेवर डुलला आणि पांढरं अंग वर करून थांबला.

‘‘दस!’’ आक्का म्हणाल्या, आणि सोंगटी उचलली.