आईच्या मशीनवरची दिवाळी

खंडेनवमीला आईच्या उषा मशीनला हळदकुंकू लागलं, झेंडूची माळ पडली, की आमच्या घरी दिवाळीची चाहूल लागायची. चकलीची भाजणी अजून दळायची असे, पण बाबा बारीक फुलांचं पॉपलीन एकाच ताग्यातून फाडून आणत. त्यात आम्हा बहिणींचे फ्रॉक बसत, धाकट्याचा सदरा बसे आणि उरल्या तुकड्यांची पिशवी होई.

कापड आधी रात्रभर पाण्यात भिजायचं. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं ना! मग ते वाळवून, इस्त्री फिरवून सतरंजीवर पसरायचं. वर्तमानपत्राचे बेतलेले कागद, खडूच्या रेघा आणि कात्रीची करकर. कापताना आई कुणाशी बोलत नसे. शिवणीत दोन बोटं माया आणि खाली चांगली चार बोटं दुमड ती ठेवायचीच. पोरी वाढणार, हे धरूनच कात्री चाले. पुढच्या वर्षी दुमड उसवून उंची सोडली की जुन्या घडीपाशी न विटलेल्या रंगाचा पट्टा उठून दिसे. त्याच्या कडेवर आई साखळीटाका घाली आणि फ्रॉक पुन्हा नवा होई. माझ्यानंतर तो धाकटीचा, मग मावसबहिणीचा. अगदीच विरला की आजी त्याला गोधडीत घेई.

आम्हाला फॅशनची हौस होतीच. 1973 साली ‘बॉबी’ सिनेमा आला आणि जिकडेतिकडे ठिपकेच ठिपके झाले. आम्हीही हट्ट धरला. आईने ठिपक्यांचं कापड आणलं. गळा आणि बाही मात्र प्रत्येकीच्या अंगलटीप्रमाणे बेतली. लाट घरात आली, पण आईच्या कात्रीखालून.

आता मोबाईलवर रोज नवा ट्रेंड येतो. दुकानात मी कुर्ता हटकून उलटा करून बघते. ओव्हरलॉकचा दोरा शिवणीला इतका खेटलेला असतो, की सैल करायला सूतभरही कापड नसतं. पुढच्या वर्षाचा विचार त्यात कुणी केलेलाच नसतो. 2013 साली ढाक्याजवळ राणा प्लाझाची इमारत कोसळली आणि अकराशेहून अधिक माणसं गेली. त्यातली बहुतेक परदेशी दुकानांसाठी कपडे शिवणारी होती. ती बातमी वाचताना मला आईचे हात आठवले. आमच्या कपड्यांमागचे हात आम्ही रोज पाहत होतो. आज अंगातला कपडा कुणी शिवला, हे आपण विचारतही नाही.

माझी भाची यंदा काजं करायला शिकते आहे. एका काजाला किती वेळ लागतो, हे तिला आता कळलं आहे. म्हणून वाटतं, या दिवाळीत प्रत्येक घरात एक तरी कपडा घरी शिवावा. टीप वाकडी आली तरी चालेल. ज्याने एकदा स्वतः शिवून पाहिलं, तो दुसऱ्याने शिवलेलंही जपून वापरतो.